ईश्वरप्पांचा लग्नपत्रिकांचा किल्ला

निलंग्याच्या ईश्वरप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका नवरीचं नाव कात्रीनं कापत होते.

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला मी लातूरहून निलंग्याला गेलो होतो. लातुरात छापखाने नाहीत असं नाही. पण मी एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक, प्रवास फुकट, आणि व्याही निलंग्याचे. पत्रिका ईश्वरप्पांकडेच करा, असं व्याह्यांचं फर्मान होतं. दुकानात शिरलो तर हा पासष्टीचा माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे, काउंटरवर वाकून कुणाची तरी जाड सोनेरी पत्रिका मधोमध कापतोय. चि. सौ. कां. एका बाजूला पडली, नवरदेव दुसऱ्या बाजूला. मुलीच्या लग्नासाठी आलेल्या बापाला हे बघून काय वाटणार?

मी म्हणालो, "अहो, काय अभद्र चालवलंय?"

त्यांनी मान वर केली नाही. "हे लगीन मोडून दोन वरसं झाली. पत्रिका माज्याच गळ्यात पडल्या. बसा जरा, तटाचं काम करायलोय, मधी सोडता येत न्हाई."

कसला तट म्हणून मी मागच्या खोलीत डोकावलो आणि माझी लातूरची पावणेपाचची गाडी चुकली. नोकरीच्या तीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या चुकलेल्या गाड्यांवर ओरडत आलो होतो. माझी स्वतःची चुकली ती पहिलीच.

खोलीत एक लांबलचक टेबल होतं. त्यावर डोंगर, ओढा, आणि बोटाच्या पेरात मावतील अशा दोन फौजा समोरासमोर उभ्या होत्या. हा एक खेळच आहे. परदेशात म्हणे चांगली पोक्त माणसं, टकलं पडलेली, इवल्या सैनिकांच्या फौजा मांडून लढाया खेळतात. फासा टाकायचा, टेपनं अंतर मोजायचं, घोडदळ इतकं पुढे, पायदळ तितकं मागे. ईश्वरप्पांनी हे मोबाइलवर पाहिलं, आणि पत्रिकांचा धंदा व्हॉट्सॲपनं बसवल्यावर हातात जो रिकामा वेळ आला तो सगळा यात घातला. नियम त्यांनी स्वतः एका वहीत मराठीत लिहून काढले होते. फक्त समोर बसायला माणूस नव्हता. तो त्या दिवशी मिळाला. दर दुसऱ्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं निलंग्याला जायला लागलो, आणि निवृत्त झाल्यावर तर दर रविवारी. माझ्या बायकोला बरेच दिवस वाटत होतं की मी तिकडे जमीन बघतोय.

या खेळात किल्ला लागतो, आणि तयार किल्ला आपल्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही. बाहेरून मागवायचा तर एका दरवाजाच्या किमतीत घराला रंग निघेल. नांदेडला एकानं यंत्रातून हवा तसा काढून देतो म्हणून सांगितलं होतं. आकडा ऐकून ईश्वरप्पा पुढ्यातला चहासुद्धा न पिता परत आले. मग त्यांनी स्वतःच्याच दुकानातलं निरुपयोगी सामान बाहेर काढलं. जुन्या नमुन्यांच्या पत्रिका, मोडलेल्या लग्नांच्या पत्रिका, तारीख चुकलेल्या पत्रिका. असला जाड पुठ्ठा तटाला झकास. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, जसं वह्या बांधणारे घालतात. वरून शाडूचा हात आणि पाण्यातला रंग. सैनिक म्हणजे आगकाडीचा तुकडा आणि डोक्याला मोहरीचा दाणा. हत्ती चिंचोक्यांचे. थर्माकोलचं मी एकदा नाव काढलं तर म्हणाले, "त्येचा किल्ला न्हाई होत, केक होतो."

आणि काम असं चोख, की बघणाऱ्याला वैताग यावा. बुरूज ज्वारीच्या दाण्याइतका कलला तरी ते उखडायचे. मी म्हणायचो, "आप्पा, सहा मिलिमीटरच्या माणसाला काय कळतंय?" तर म्हणायचे, "त्येला न्हाई कळत. मला कळतंय की." एकदा मी मदत म्हणून तटाच्या काठावर चार चर्या, म्हणजे दाते, चिकटवल्या. त्यांनी त्या नखानं काढल्या आणि मला चहा सांगितला. त्यांची बायको गौरम्मा दारातून म्हणाली, "माजी भाकर बी अशीच निरखून बघत्यात. चाळीस वरसं झाली, अजून पास न्हाई झाले मी."

ईश्वरप्पांचं आजोळ कंधारचं. तिथला भुईकोट किल्ला, त्याच्याभोवतीचा पाण्यानं भरलेला खंदक, एका अंगाचं तळं, यात त्यांच्या सुट्ट्या गेलेल्या. लहान-सहान गढ्या बांधून झाल्यावर त्यांनी कंधार मनावर घेतला. मला तीन वेळा तिथं नेलं. तटाच्या कडेनं पावलं मोजत हा माणूस भर उन्हात फिरायचा, आणि मी झाडाखाली बसून परतीच्या गाडीची वेळ ओरडून सांगायचो. ते ऐकायचे नाहीत. एखाद्या बुरुजाला हात लावून उभे राहायचे, जसं गोठ्यातल्या जनावराला लावतात.

त्या तिसऱ्या खेपेला मला त्यांच्या हाताचं कळलं. डबा उघडताना उजवा हात थरथरत होता. उन्हानं असेल म्हणून मी बोललो नाही. मग लातूरच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो. कंपवात निघाला. गोळ्यांनी लांबवता येतो, थांबवता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर रसवंतीवर बसल्यावर ईश्वरप्पा शांतपणे म्हणाले, "मंजे कंधार होईल. त्येच्या पुढचा न्हाई होनार."

कंधार व्हायला चौदा महिने लागले. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते चिमटा चालवायचे. सकाळची गोळी घेतली की तास-दीड तास हात जरा ऐकायचा, तेवढंच काम. मी काही करू का, असं मी विचारायचं सोडून दिलं होतं. मला त्या माणसाची दया यायची आणि दया आली की मी खेकसतो, हा माझा स्वभाव. "कशाला जीव काढताय," मी म्हणायचो, "बांधलेत तेवढे किल्ले पुरे झाले."

त्यावर एकदा ते बोलले ते माझ्या लक्षात राहिलं. "बांधले लई, रामकिशनराव. पर त्या गढ्या. त्येंच्यावर कोनी चालून येन्यासारखं काय होतं? किल्ला लढला पायजे. न्हाई लढला तर त्यो शोकेस. ह्यो एकदा लढू द्या. मी आत, तुमी भायेर. मग हात गेला तरी जाऊ द्या."

त्यांच्या वहीत एक नियम होता. किल्ला बांधणाऱ्यानं एक जागा मुद्दाम कच्ची ठेवायची आणि कुणाला सांगायची नाही. वेढा घालणाऱ्यानं ती हुडकायची. हुडकली तर किल्ला पडतो, नाहीतर पावसाळा लागून फौज परत जाते. कंधार तयार झाला तेव्हा मी दोन रविवार नुसता टेबलाभोवती फिरलो. दक्षिणेकडे बोट नेलं की त्यांच्या तोंडाकडे बघायचो. ते गालातल्या गालात हसायचे. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार आम्ही वेढ्यासाठी ठरवला, कारण गणपतीत घरात पाहुणे असतात आणि टेबल अडकतं.

इथून पुढं जे झालं त्यात वाईट वागलेलं कुणीच नाही. तेच मला जास्त लागतं. कुणी वाईट वागलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. भांडण मला जमतं.

मंजुश्री ही त्यांची सून. मुलगा श्रीशैल फ्लेक्स छपाईच्या नादात दिवसभर बाहेर, आणि ही पोर चार वर्षं त्या घरात काही न मागता नांदत होती. त्या वर्षी गावातल्या एका महिला मंडळानं घरगुती गणपतीच्या आरासीची स्पर्धा ठेवली. मंजुश्रीनं सासऱ्याला विचारलं, "मामा, तुमचा किल्ला गनपतीच्या मागं ठिवू का? धाच दिवस. हात लावू देनार न्हाई कुनाला."

"घे की," ईश्वरप्पा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिनं आरास केली होती खरंच सुंदर. समोर शाडूचा गणपती, मागं कंधार, खंदकात दुर्वा. सहाव्या दिवशी परीक्षक म्हणून मंडळाच्या आरती मॅडम आल्या. तो रविवार होता आणि मी होतो. मॅडमनी चष्मा वर करून किल्ला पाहिला आणि म्हणाल्या, "आमच्या स्पर्धेत फक्त पाण्यात विरघळणारंच चालतं हं. हे रंगवलेलं दिसतंय."

मंजुश्रीचं तोंड उतरलं. ईश्वरप्पा हात मांडीखाली घेऊन बसले होते. मॅडमना थरथर दिसू नये म्हणून. आणि मी, ज्याला कुणी विचारलं नव्हतं, मी बोललो.

"मॅडम, कागद, शाडू आणि मैद्याची खळ. अस्सल. तासाभरात विरघळेल, काडी मागं राहणार नाही."

"मग विसर्जन यासकट करणार?"

"करणार म्हणजे काय? देवासोबत."

मला वाटलं, हे बोलायचं असतं म्हणून बोलतात. शाळा तपासणीच्या वेळी सगळं आहे म्हणून सांगतात, तसं. मॅडमनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मंजुश्रीला पहिला क्रमांक मिळाला. तिचा फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलांवर फिरला, माहेरी बिलोलीला तिच्या आईनं पेढे वाटले. आणि मॅडमनी कळवलं की विसर्जनाला मंडळ येईल, आरास हौदात सोडतानाचा फोटो काढायचा आहे.

मला ईश्वरप्पांचा फोन आला तो बुधवारी. त्यांनी हे सगळं सांगितलं, शांतपणे. मी म्हणालो, "मी निघालो. मी सांगतो त्यांना की मी खोटं बोललो."

"कोनाला सांगता? पोरीनं फोटो लावलाय कपाटाला."

तरी मी गेलो. मंजुश्री ओट्याशी होती. मी विषय काढला. ती पोर इतकी चांगली की तिनं आधी माझंच सांत्वन केलं. "काका, मला बी वाईट वाटतंय. पर धा दिस देवाच्या मागं उभा राह्यला त्यो. आता परत टेबलावर मांडून त्येच्यावर लढाई करायची का? अन् त्या समद्या पत्रिकांवर गनपतीच हाय की. त्या कुटं टाकाव्या मानसानं? देवासंगं गेलेल्या बऱ्या. तुमीच तर म्हनलात."

तुमीच तर म्हनलात. आमच्याकडं लग्नाची पत्रिका कचऱ्यात टाकत नाहीत, देवाच्या चित्रामुळे. घरोघरी माळ्यावर गठ्ठे पडून असतात. तिच्या दृष्टीनं तिनं सासऱ्याच्या किल्ल्याला सगळ्यात चांगली जागा मिळवून दिली होती. गौरम्मा एवढंच म्हणाली, "ब्याड." त्यांच्या कानडीत नको. पण ते ती मला म्हणाली. पुढं बोलू नका, असं.

मी ईश्वरप्पांना म्हटलं, निदान उद्याच्या उद्या वेढा खेळून घेऊ. तेवढं तरी. ते गणपतीकडे बघत म्हणाले, "पुढ्यात देव बसलाय. त्येच्या पाठीवर फौज घालता का?"

अनंत चतुर्दशीला दुपारी तीनला आम्ही निघालो. नगरपालिकेनं मैदानात विसर्जनाचा हौद केला होता. श्रीशैलच्या हातात गणपती, मंजुश्रीच्या हातात आरतीचं ताट, आणि किल्ला पाटासकट टेम्पोत, मी दोन्ही हातांनी धरलेला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरवर ओरडत होतो. बुडवायलाच नेत असलेली वस्तू सांभाळून ने म्हणून ओरडत होतो. ईश्वरप्पा शेजारी बसून होते. त्यांनी दुपारची गोळी घेतली नव्हती.

हौदापाशी आरती झाली. गणपती गेला. मग आरती मॅडम म्हणाल्या, "आता आप्पांच्याच हातानं होऊ द्या, त्यांनीच बनवलाय." सगळ्यांनी मोबाइल वर केले. ईश्वरप्पांनी पाट धरला. दुसरी बाजू मी धरली, कारण हात त्यांचे फारच हलत होते. एक बाई शेजारणीला म्हणाली, किती भक्ती बघ, अंग कापतंय त्यांचं. एका शब्दानं सगळं थांबवता आलं असतं असं मला आजही वाटतं. तो शब्द मात्र तेव्हा सापडला नाही. आम्ही पाट तिरका केला आणि कंधार पाण्यात उतरला.

तो विरघळला नाही.

शाडू सुटली, रंग सुटला, हौदातलं पाणी लालसर झालं. पण पत्रिका मेणचट कागदाच्या, चकाकणारा लेप असलेल्या. रंग गेल्यावर तट उघडे पडले आणि त्यावरची अक्षरं दिसायला लागली, आमच्या येथे श्रीकृपेकरून, अगत्य येण्याचे करावे. किल्ला पाण्यावर तसाच्या तसा उभा राहिला. एक बुरूज हलला नाही. माणसांनी टाळ्या वाजवल्या, मग त्या थांबल्या. मॅडम घड्याळ बघायला लागल्या. मागं गणपती घेऊन दुसरी माणसं खोळंबली होती.

हौदावरचा नगरपालिकेचा माणूस, मारोती म्हणून कुणी, बांबू घेऊन आला. त्यानं दक्षिणेच्या तटावर बांबू टेकवून दाबलं. किल्ला बुडाला आणि पुन्हा वर आला. त्यानं दरवाजावर दाबलं. पुन्हा वर. "काय बनवलंय राव," तो म्हणाला, आणि बांबू उचलून आपटायच्या बेतात आला.

ईश्वरप्पा कठड्यापर्यंत गेले. "मारू नगा," ते म्हणाले. "तिकडं, तळ्याच्या अंगाला, लहान बुरूज हाय बघा. त्येच्या बुडाला दाबा. तिथं कच्चं हाय."

मारोतीनं तिथं बांबू लावला. नुसता टेकवला म्हणा. तट आतून दुमडला, पाणी आत शिरलं, आणि सगळा किल्ला एका बाजूनं कलत खाली गेला.

दोन रविवार मी ज्या जागेसाठी टेबलाभोवती फिरलो होतो ती ही. तळ्याची बाजू. तिकडून मी गेलोच नसतो. पाण्यातून फौज कोण नेतो? मी हरलो असतो. फार मोठ्या दिमाखात हरलो असतो, आणि ते वहीत लिहून ठेवलं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते. मग त्यांनी हात जोडले, कारण सगळ्यांनी जोडले होते.

रविवारी जावं की नाही याचा मी विचार करत बसलो. शेवटी नेहमीच्या गाडीनं गेलो. ईश्वरप्पा मागच्या खोलीत होते. टेबलावर दोन्ही फौजा मांडलेल्या होत्या, मधली जागा मोकळी. शेजारी पत्रिकांचा नवा गठ्ठा आणि खळीची वाटी. त्यांनी कात्री माझ्यापुढं सरकवली.

"तुमी कापा. मी सांगतो."

मी तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिल्या आहेत. माझी बोटं जाड, मला चहाच्या पुडीचं तोंडसुद्धा सरळ कापता येत नाही. तरी बसलो. ते सांगत होते, इथून दुमडा, एवढं सोडा, आता खळ लावा. दुपारपर्यंत एक बुरूज झाला. एका अंगाला कललेला, खळ बाहेर ओघळलेली, वरचा काठ दातरलेला. मी तो टेबलावर ठेवला आणि त्यांच्या नखांची वाट बघितली. उखडतील, चहा सांगतील, पुन्हा करायला लावतील.

ईश्वरप्पांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. हात मांडीखाली होते.

"चांगला हाय," ते म्हणाले.

"वाकडा आहे हो, आप्पा." माझा आवाज चढला. "दिसत नाही का तुम्हाला? काढा तो."

"असू द्या. चांगला हाय."

गौरम्मा दारात येऊन उभी होती. मी गठ्ठ्यातली पुढची पत्रिका घेतली आणि दुसरा बुरूज कापायला लागलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.